निकालाआधी पाच आकडे

मे सरत आला की विदर्भात पहिली वादळं येतात. धुळीचा लोट उठतो, मागोमाग विजा कडाडतात आणि लाइन जाते. परत येते ती दोन-तीन झटके देऊनच. दुसऱ्या दिवशी मनीषनगर, बेसा, बेलतरोडीच्या दुरुस्तीच्या दुकानांत कॅबिनेटांची रांग लागते. ग्राहकाची तक्रार ठरलेली असते: ‘भाऊ, काल रात्री लाइन गेली, आली, अन् तेव्हापासून सुरूच नाही होऊन राहिला.’ बऱ्याच दुकानांत त्यावरची कृतीही ठरलेली असते. शेल्फवरचा दुसरा एसएमपीएस जोडून पाहायचा. चालला तर एसएमपीएस गेला, नाही चालला तर बोर्ड गेला. दहा मिनिटांत निकाल.

या निकालात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. एक, बिघाड एकाच ठिकाणी आहे. दोन, त्याचं कारण कॅबिनेटच्या आतच आहे. आपल्या भागात ही दोन्ही गृहीतं वारंवार खोटी ठरतात. भिंतीतल्या सॉकेटने एसएमपीएस मारलेला असतो, एसएमपीएसने बोर्ड मारलेला असतो, आणि आपण त्या साखळीतली शेवटची कडी तेवढी बदलून बिल फाडतो. महिन्याभराने तेच कॅबिनेट परत आलं की मालाला बोल लावतो. म्हणून या महिन्यात आमचा एकच आग्रह आहे. ‘बोर्ड गेला’ असं ग्राहकाला सांगण्याआधी पाच आकडे मोजा आणि ते जॉबकार्डावर लिहा.

आग्रह आताच धरायला कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा मोफत सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतो आणि इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. एच६१, एच८१, एच११० चिपसेटच्या मशीनबद्दल ‘बोर्ड गेला’ म्हटलं की ग्राहक बहुधा बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम अशा तिन्ही गोष्टींवर पाणी सोडतो. डेस्कटॉप आता जिथे उरला आहे त्या जागाही पाहा: सीएचं ऑफिस, मेडिकल स्टोअरचं बिलिंग, शाळेची लॅब, झेरॉक्स-डीटीपीचं दुकान. तिथे मशीन बंद म्हणजे काम बंद. घाईच्या निदानाची किंमत अशा ठिकाणी एका सुट्या भागापुरती राहत नाही.

पहिला आकडा भिंतीचा. कॅबिनेट दुकानात आलं की आपण सॉकेट पाहतच नाही, कारण सॉकेट ग्राहकाच्या घरी राहिलेलं असतं. निदान तिथूनच सुरू व्हायला हवं. घरी जाणं होत नसेल तर निदान दोन प्रश्न विचारा: त्या रात्री घरात आणखी काय गेलं? आणि शेजारच्या फ्लॅटमध्ये काही गेलं का? टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स, दोन एलईडी बल्ब आणि कॉम्प्युटर असे सगळे एकाच वेळी गेले असतील तर न्यूट्रलवर संशय घ्या. फ्लॅट स्कीममध्ये तीन फेज वेगवेगळ्या फ्लॅटांना वाटलेल्या असतात. खालच्या मीटर रूममध्ये सामाईक न्यूट्रल ढिला झाला किंवा तुटला की कुणाच्या घरी व्होल्टेज खाली बसतं, तर कुणाच्या घरी ३०० च्या वर, अगदी ४०० च्या आसपासही चढतं. अशा वेळी एसएमपीएस उघडला की काळवंडलेला व्हॅरिस्टर, उडालेला फ्यूज आणि तोंड उघडलेला मोठा कॅपॅसिटर दिसतो. स्वस्त एसएमपीएसमध्ये व्हॅरिस्टरची जागा रिकामीच असते, तिथे पुरावाही सापडत नाही. अशा घरी नवा एसएमपीएस बसवून निघून येणं म्हणजे त्याला त्याच न्यूट्रलच्या स्वाधीन करणं. आधी इलेक्ट्रिशियन, मग आपण.

घरी गेलातच तर तीन जोड्या मोजा. फेज ते न्यूट्रल २३० च्या आसपास. फेज ते अर्थ जवळजवळ तेवढंच. न्यूट्रल ते अर्थ अगदी थोडं, एक-दोन व्होल्ट. ‘कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात’ ही तक्रार तर आपल्यासाठी आयतं निदानच आहे. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे दोन छोटे कॅपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर कॅबिनेटचा पत्रा त्या दोघांच्या मधोमध तरंगतो आणि डिजिटल मल्टिमीटर पत्रा ते न्यूट्रल मुख्य व्होल्टेजच्या साधारण निम्मं, म्हणजे १०० ते १२० व्होल्ट दाखवतो. करंट अगदी कमी असतो, म्हणून ग्राहक जगतो आणि तक्रार विसरतो. पण हाच पत्रा प्रिंटर, मॉनिटर किंवा लॅनच्या केबलने दुसऱ्या उपकरणाला जोडताना पोर्टवर झटका बसतो. मग आपण यूएसबीचा पोर्ट का गेला म्हणून डोकं खाजवतो.

अर्थिंगचा आणखी एक मुद्दा आपल्याकडच्या जमिनीचा आहे. विदर्भाची काळी माती पावसाळ्यात पाणी धरते, तेव्हा अर्थिंग चांगलं मिळतं. उन्हाळ्यात ती आक्रसते, भेगाळते आणि अर्थिंगच्या नळीपासून सुटते. जे अर्थिंग ऑगस्टमध्ये तपासून पास झालं, ते मेमध्ये नापास होऊ शकतं. अनेक स्कीममध्ये तो खड्डा पार्किंगच्या पेव्हर ब्लॉकखाली गेलेला असतो आणि त्यात पाणी घालायचं कुणाला सुचत नाही. वादळ येतं तेही नेमकं याच दिवसांत, माती सर्वांत कोरडी असताना. त्यामुळे अर्थिंगच्या आकड्यापुढे महिना लिहायला विसरू नका.

दुसरा आकडा जांभळ्या तारेचा. २४ पिनच्या प्लगमध्ये ९ व्या पिनवर ५ व्होल्ट स्टँडबाय असतं. एटीएक्सच्या नियमाप्रमाणे ते ४.७५ ते ५.२५ यांमध्ये हवं. आधी एसएमपीएस बोर्डापासून सोडवून मोजा, मग जोडून मोजा. सोडवलेलं असताना ठीक आणि जोडल्यावर खाली बसत असेल तर बोर्डाची स्टँडबाय लाइन कुठेतरी शॉर्ट आहे. विजेच्या दिवसांत हा शॉर्ट लॅनच्या चिपमध्ये सापडण्याची शक्यता बरीच असते. झटका तांब्याच्या केबलने आलेला असतो आणि एसएमपीएस बिचारा निर्दोष असतो. मशीन सुरू न करता, नुसतं स्टँडबायवर ठेवून, लॅनच्या चिपजवळ बोट नेलं तरी गरम लागते. सोडवलेलं असतानाच आकडा कमी येत असेल तर दोष एसएमपीएसचा, आणि बहुधा तिथला एखादा छोटा कॅपॅसिटर सुकलेला असतो. मशीन बंद केलं तरी भिंतीचं बटण चालू असेपर्यंत स्टँडबायचं सर्किट काम करत राहतं, म्हणून ते सर्वांत आधी म्हातारं होतं.

आणि आकडा जास्त आला तर? तिथे थांबा. जुन्या धाटणीच्या काही एसएमपीएसमध्ये स्टँडबायच्या फीडबॅकचा कॅपॅसिटर सुकला की व्होल्टेज खाली येण्याऐवजी वर चढतं आणि बोर्डाच्या स्टँडबायवरच्या चिपा जाळतं. बोर्ड खरोखरच गेलेला असतो, पण मारेकरी अजून कॅबिनेटमध्येच बसलेला असतो. अशा मशीनला नवा बोर्ड लावून जुना एसएमपीएस जोडला की दुसराही जातो. नव्या बोर्डाचा खोका फोडण्याआधी जांभळी तार मोजायला अर्धा मिनिट लागतो.

तिसरा आकडा हिरव्या तारेचा. पाचांमध्ये सर्वांत जास्त सांगणारा हाच, आणि सर्वांत कमी मोजला जाणारा. १६ व्या पिनवरची ही तार म्हणजे बोर्डाने एसएमपीएसकडे केलेली मागणी. एरवी तिच्यावर एसएमपीएस स्वतःच सुमारे ५ व्होल्ट ठेवतो. बटण दाबलं की बोर्ड ती शून्याजवळ ओढतो आणि मुख्य लाइन सुरू होते. प्लग जोडलेला ठेवून मागच्या बाजूने प्रोब घाला आणि बटण दाबा. हिरवी तार वरच राहिली तर बोर्ड मागतच नाही. मग एसएमपीएसला दोष देण्यात अर्थ नाही. पुढच्या पॅनेलचा स्विच, त्याच्या दोन पिना, स्टँडबायचे ३.३ व्होल्ट, सुपर आय-ओ चिप, ३२.७६८ किलोहर्ट्झचा क्रिस्टल, चिपसेट या क्रमाने बोर्डावर शोधा. हिरवी तार खाली आली आणि तरीही पंखा हलला नाही, तर मागणी पोचली आहे, पुरवठा झालेला नाही. आता एसएमपीएस तपासा. एका तारेच्या एका आकड्याने निम्मं काम होतं.

तिसरा प्रकारही आपल्या रोजच्या ओळखीचा आहे. हिरवी खाली येते, पंखा क्षणभर फिरतो आणि थांबतो. एसएमपीएसने शॉर्ट पाहिला आणि माघार घेतली. प्रोसेसरचा ४ किंवा ८ पिनचा प्लग काढा. आता पंखा फिरत राहिला तर प्रोसेसरला व्होल्टेज देणाऱ्या भागातलं एखादं मॉस्फेट शॉर्ट असण्याची शक्यता मोठी. इथे दोन पथ्यं पाळायची. पहिलं, प्रोसेसरच्या लाइनचा जमिनीशी रेझिस्टन्स मुळातच फार कमी असतो, एक-दोन ओहम किंवा त्याहूनही कमी. तिथे मल्टिमीटर वाजला म्हणून शॉर्ट ठरवू नका. १२ व्होल्टच्या पिनांवर मोजा. दुसरं, वरच्या बाजूचं मॉस्फेट शॉर्ट असेल तर १२ व्होल्ट सरळ प्रोसेसरवर जातात. ते तपासल्याशिवाय दुकानातला चांगला प्रोसेसर ‘लावून पाहू’ म्हणून त्या सॉकेटमध्ये बसवू नका.

चौथा आकडा राखाडी तारेचा, ८ व्या पिनवरचा. सगळ्या लाइन जागेवर आल्यावर, साधारण १०० ते ५०० मिलिसेकंदांत, एसएमपीएस या तारेवर ५ व्होल्ट देऊन ‘पॉवर गुड’ कळवतो. ते आलं नाही तर बोर्ड रीसेटमध्येच अडकून राहतो. पंखे फिरतात, दिवे लागतात, डिस्प्ले येत नाही. या लक्षणावर आपल्याकडे रॅम काढून खोडरबराने पुसण्याचा विधी आहे. रॅमचा दोष अनेकदा असतोही, त्यामुळे विधीला नावं ठेवत नाही. फक्त आधी राखाडी तार पाहा. ती ठीक असेल तर रॅम, सीमॉस क्लिअर, ३ व्होल्टचा सीआर २०३२ सेल, मग बायोस या क्रमाने पुढे जा. डिबग कार्ड जरूर वापरा, पण ते गाडी कुठे थांबली एवढंच सांगतं, का थांबली ते सांगत नाही. बायोस पुन्हा भरायचा असेल तर आधी जुन्याची प्रत काढून ठेवा, आणि चिप ३.३ व्होल्टची आहे की १.८ ची हे तिच्या नंबरवरून पाहूनच प्रोग्रामर जोडा.

पाचवा आकडा पिवळ्या तारेचा, पण ओझ्याखालचा. क्लिपने हिरवी आणि काळी जोडली, पंखा फिरला, मल्टिमीटरवर १२.१ दिसले आणि ‘एसएमपीएस ओके’ असा शिक्का बसला, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. पोळ्याच्या दिवशी सजवलेला बैल पाहून त्याची नांगराला जुंपल्यावरची ताकद सांगण्यातला हा प्रकार. मशीन चालू होत असेल तर प्रोसेसरच्या प्लगवर, मागच्या बाजूने, मशीन कामाला लावून मोजा. ११.४० ते १२.६० ही मर्यादा आहे. चालू होत नसेल तर मोटरसायकलचे १२ व्होल्ट ३५ वॅटचे बल्ब घ्या. एक बल्ब सुमारे ३ अँपिअर घेतो. गार फिलामेंट सुरुवातीला कितीतरी पट करंट ओढतं, म्हणून बल्ब एकेक करून वाढवा. ५ व्होल्टवर एखादी जुनी हार्ड डिस्कही लावा, कारण स्वस्त एसएमपीएसमध्ये नुसत्या १२ व्होल्टवर ओझं टाकलं की ५ व्होल्टची लाइन वर चढते आणि आकडे फसवतात. लेबलही वाचा. समोर ‘४५० वॅट’ छापलेलं असतं, पण १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर असतील तर खरी ताकद १९२ वॅट. आणि मल्टिमीटर सरासरी दाखवतो हे लक्षात असू द्या. १२ व्होल्टवर १२० मिलिव्होल्टपर्यंतचा रिपल चालतो. त्याहून जास्त असला तर तो फक्त ऑसिलोस्कोपवर दिसतो. काम करताना मशीन अधूनमधून रीस्टार्ट होत असेल आणि पाचही आकडे ठीक असतील, तर स्कोप असलेल्या मित्राचं दुकान गाठा.

यूपीएसवरच्या तक्रारी याच घरातल्या. ‘लाइन गेली की यूपीएस आवाज करतो, पण मशीन बंद पडतं,’ असं म्हणत ग्राहक यूपीएस उचलून आणतो. लाइन गेल्यावर सुमारे १६ मिलिसेकंद तरी एसएमपीएसने स्वतःच्या मोठ्या कॅपॅसिटरवर तग धरावा अशी अपेक्षा असते. साधा ऑफलाइन यूपीएस त्याच्या आत बॅटरीवर येतो. कॅपॅसिटर म्हातारा झाला की हा तग घटतो आणि यूपीएस नवा असूनही मशीन कोसळतं. बॅटरी बदलण्याआधी दुसऱ्या मशीनवर यूपीएस तपासा.

या सगळ्यांत पुन्हा पुन्हा कॅपॅसिटर येतो आहे, आणि तो नागपुरात जरा जास्तच येतो. इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरचा ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. १०५ अंशांना २,००० तासांचा कॅपॅसिटर ६५ अंशांना ३२,००० तास चालेल आणि ७५ अंशांना १६,०००. रोज ८ तासांच्या वापराने पहिला सुमारे ११ वर्षं, दुसरा साडेपाच. खोलीतच ४० अंश असताना धुळीने कोंदलेल्या एसएमपीएसच्या आत हे १० अंश सहज चढतात. कूलरच्या झोतात टेबल ठेवलं तर उष्णता कमी होते, पण ओलावा आणि खाऱ्या पाण्याचे कण पंख्यावाटे आत जाऊन धुळीवर बसतात आणि तिला वीजवाहक करतात. कूलरची हवा माणसाला लागू द्या, कॅबिनेटला नको, एवढं ग्राहकाला सांगायला हवं. उलट टोक थंडीचं. डिसेंबरच्या सकाळी तीन-चारदा बटण दाबल्यावर सुरू होणारं आणि मग दिवसभर सुरळीत चालणारं मशीन बहुतेक वेळा कॅपॅसिटरचीच तक्रार करत असतं. थंडीत त्याचा आतला रोध वाढतो, तापला की उतरतो. असा कॅपॅसिटर वरून फुगलेला दिसेलच असं नाही. ईएसआर मीटर घेतला तर तो पहिल्याच हंगामात पैसे फेडतो. मोठमोठे उत्पादकही या भागापुढे हात टेकलेले आहेत. या शतकाच्या सुरुवातीला सदोष कॅपॅसिटरांनी जगभरचे बोर्ड फुगवले, आणि डेल कंपनीने २००५ मध्ये मुख्यतः ऑप्टिप्लेक्स मशीनांच्या दुरुस्तीसाठी सुमारे ३० कोटी डॉलर बाजूला काढले.

एसएमपीएस उघडणाऱ्यांना एक सूचना, जुनी असली तरी पुन्हा. आतल्या मोठ्या कॅपॅसिटरवर ३२५ व्होल्ट डीसी असतात, आणि अॅक्टिव्ह पीएफसी असेल तर ३८० च्या पुढे. तार काढल्यावरही ते टिकतात. रेझिस्टरने उतरवा, मोजा, मगच हात घाला. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा सुरू करताना सिरीज बोर्डावरूनच सुरू करा. ग्राहकाच्या घरी, मुलं भोवती असताना, एसएमपीएस उघडू नका.

आता आक्षेप. ‘एवढं मोजायला वेळ कुठे? ग्राहक निदानाचे पैसे देत नाही. दुसरा एसएमपीएस लावून पाहणं लवकर होतं.’ यात तथ्य आहे. खात्रीचा एसएमपीएस लावून पाहणं ही चांगली कसोटी आहे, आणि आम्हीही ती वापरतो. पण ती मोजल्यानंतरची कसोटी आहे. शॉर्ट बोर्डाला चांगला एसएमपीएस आणि चढलेल्या एसएमपीएसला चांगला बोर्ड जोडून आपण आपलाच माल पणाला लावतो. आणि वेळेचं म्हणाल तर चार तारा मोजायला पाच मिनिटं पुरतात. उज्ज्वलनगरहून मेट्रो पकडून सीताबर्डीला बोर्ड आणायला जाणं, तो न चालल्याने परत करायला जाणं आणि दुकानदाराशी हुज्जत घालणं यात अख्खी दुपार जाते.

पैशांचा आक्षेप जास्त खरा आहे. ग्राहक भागाचे पैसे देतो, निदानाचे देत नाही, कारण निदान त्याला दिसत नाही. आपण त्याला दाखवतच नाही. जॉबकार्डावर ‘बोर्ड डेड’ एवढेच दोन शब्द असतील तर तपासणीची फी मागायला तोंड नाही. तिथे पाच आकडे, त्यांच्यापुढे मर्यादा आणि शेवटी निष्कर्ष लिहिलेला असेल तर त्याच कागदावर फीचा रकानाही शोभतो. शिवाय तो कागद घेऊन ग्राहक दुसऱ्या तंत्रज्ञाकडे गेला तर त्याला आपला निकाल तपासता येतो. ज्याला हे नको वाटतं त्याने आपल्या निकालाकडे एकदा पुन्हा पाहावं.

दुरुस्तीच्या हक्काबद्दल देशात बोललं जाऊ लागलं आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. या दोन्हींमुळे आपल्या धंद्याला मान मिळू शकतो, पण दुरुस्त होण्याजोगा बोर्ड आपणच भंगारात टाकत राहिलो तर उत्पादकांकडे सर्किटचे नकाशे आणि सुटे भाग कोणत्या तोंडाने मागणार?

या अंकाच्या मधल्या पानावर नोंदपत्रकाचा नमुना दिला आहे: भिंतीच्या तीन जोड्या, चार तारा, महिना, वस्ती, आणि शेवटी काय निघालं. त्याच्या झेरॉक्स काढा आणि पावसाळाभर वापरा. ग्राहकाचं नाव आणि फोन नंबर खोडून, भरलेली पत्रकं आमच्याकडे पाठवा. मनीषनगरात मेमध्ये काय जळतं, महालात काय जळतं, वर्ध्याला काय जळतं, हे आज कुणालाच आकड्यांत सांगता येत नाही. दिवाळी अंकात ते सांगता यावं, अशी आमची इच्छा आहे. पत्रकात ‘निदान चुकलं’ असाही एक रकाना ठेवला आहे. तो रिकामा ठेवू नका. बाकीच्यांना सर्वांत जास्त उपयोग त्याचाच होईल.